न उघडलेल्या एअरबॅगची फिर्याद

कार्तिकी एकादशी उलटून मराठवाड्यातील साखर कारखान्यांची धुराडी एकदा पेटली, की गंगाखेडच्या चहूबाजूंच्या रस्त्यांचे रूप पालटून जाते. परभणीहून येऊन गोदावरीच्या पुलावरून गावात शिरणारा, परळीकडे निघणारा आणि पालमवरून लोह्याकडे जाणारा, या तिन्ही रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर सरकत असतात. त्यांच्या मागल्या अंगास तांबडा दिवा बहुधा नसतो, आणि असलाच तर तो बाहेर लोंबणाऱ्या उसाने झाकलेला असतो. अशा ट्रॉलीवर मागून येऊन आदळलेल्या मोटारीभोवती जी माणसे जमतात, त्यांपैकी कोणीतरी, जखमींना बाहेर काढण्याची घाई सरल्यावर, आत डोकावून म्हणतो, "बॅगा उघडल्याच न्हाईत की!" त्याच्या या उद्गाराची नोंद कोठेच होत नाही. जखमींना उपजिल्हा रुग्णालयात व तेथून परभणीस किंवा नांदेडास हलवले जाते, पोलीस पंचनामा करतात, विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन छायाचित्रे घेतो, आणि काही दिवसांत ती मोटार भंगारवाल्याच्या ताब्यात जाते. घरच्यांच्या मनात ट्रॉलीवाल्याविषयी राग असतो, नशिबाविषयी तक्रार असते. परंतु ज्या कारखान्याने एअरबॅग बसवल्याचे सांगून मोटार विकली, त्या कारखान्याविरुद्ध आपणास स्वतंत्र फिर्याद करता येते, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. या विषयातला आपला कायदा गेल्या काही वर्षांत जखमी माणसाच्या बाजूने बराच झुकला आहे; तेव्हा अशा फिर्यादीचा निकाल कायद्याच्या पुस्तकापेक्षा मोडक्या मोटारीवर, आणि अपघातानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात त्या मोटारीचे काय होते यावर, अधिक अवलंबून असतो.

प्रथम हे साधन काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण पुढे जो वाद होतो तो त्याच्या कार्यपद्धतीवरूनच होतो. मोटारीच्या पुढल्या भागात व मध्यभागी बसवलेले संवेदक वेगातील आकस्मिक घट मोजतात. ती घट ठरीव मर्यादेपलीकडे गेली आणि तिची दिशा समोरून मागे अशी असली, म्हणजे नियंत्रक पेटी विद्युत्-संकेत धाडते, धातूच्या एका लहानशा डबीतील रसायन पेट घेते, त्यातून निघालेला वायू सुकाणूच्या मध्यात घडी करून ठेवलेल्या पिशवीत भरतो, आणि हा सगळा व्यापार सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यांतील तीन-चार भागांत उरकतो. पिशवी लागलीच सैलही होऊ लागते, कारण तिचे काम माणसाचे डोके व छाती थोपवण्याचे आहे, त्याला कोंडून धरण्याचे नव्हे. हे साधन सीट बेल्टला पूरक म्हणून योजलेले आहे. बेल्ट नसलेला देह पिशवी पुरती फुगण्यापूर्वीच तिच्यावर जाऊन पडला, तर तीच पिशवी घातक ठरू शकते.

दोष तीन प्रकारचा संभवतो. पिशवी उघडावयास हवी तेव्हा उघडत नाही. उघडावयास नको तेव्हा उघडते. किंवा उघडते खरी, पण ज्या डबीतून वायू यावयाचा तीच फुटून तिचे तुकडे माणसाच्या मानेत व छातीत घुसतात. यांतील तिसऱ्या प्रकाराने जपानच्या ताकाता या कंपनीचे नाव जगभर कुप्रसिद्ध केले. खर्च कमी व्हावा म्हणून या कंपनीने वायुजनक द्रव्य म्हणून अमोनियम नायट्रेट वापरले. उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने ते द्रव्य विकृत होते आणि प्रमाणाबाहेर जोराने जळते. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत मागवाव्या लागल्या. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने तेथे फसवणुकीचा गुन्हा कबूल करून १०० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी साडेबारा कोटी डॉलर जखमींसाठी व मृतांच्या वारसांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळे काढले. हिंदुस्थान या प्रकरणातून अलिप्त राहिला नाही. ताकाताच्या डब्या बदलण्यासाठी होंडा कंपनीने येथील मोटारी अनेकदा परत बोलावल्या. जानेवारी २०१८ मध्ये अशा २२,८३४ मोटारींची घोषणा झाली, आणि त्यांत २०१३ सालच्या अकॉर्ड, सिटी व जाझ या गाड्या होत्या. पुण्या-मुंबईत दहा वर्षे वापरलेल्या मोटारी मराठवाड्यात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येतात. कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते आणि मोटार गंगाखेडात फिरत असते. अशी गाडी ज्याच्याकडे असेल, त्याने तिचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा शोरूममध्ये पडताळून घ्यावा; त्यास पैसे पडत नाहीत, आणि परतबोलावणीत बदललेल्या भागाचेही पडत नाहीत.

आपल्याकडे वाद बहुतांशी पहिल्या प्रकाराचा, म्हणजे न उघडलेल्या पिशवीचा असतो. आणि तेथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. पिशवी उघडली नाही म्हणजे ती सदोषच होती असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. मोटार कोलांटली, बाजूने घासली, किंवा मागून ठोकरली गेली, तर पुढल्या पिशव्या उघडू नयेत अशीच त्यांची रचना असते. त्याहून अवघड प्रकार उसाच्या ट्रॉलीचा. ट्रॉलीचा सांगाडा जमिनीपासून उंच असतो. मोटारीचा बंपर व त्यामागील लोखंडी दांडे त्याच्याखालून निघून जातात, आणि आघात बॉनेटच्या वरच्या अंगास, काचेला व छताच्या खांबांना बसतो. ज्या भागावर संवेदकांची भिस्त तो भाग अशा वेळी कमी चेपतो, वेगाची घट हप्त्याहप्त्याने होते, आणि नियंत्रक पेटीस संकेत देण्याजोगा क्षण उशिरा येतो किंवा येतच नाही. कारखानदाराचा वकील हेच सारे ग्राहक आयोगापुढे तज्ज्ञाच्या तोंडून वदवतो. यावर जखमी माणसाने काय म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या एका खटल्याने दिले असल्यामुळे तो खटला येथे सविस्तर सांगतो.

दिल्लीतील एका गृहस्थाने २१ ऑगस्ट २०१५ रोजी ह्युंदाई कंपनीची क्रेटा मोटार घेतली. घेताना दोन एअरबॅगांचा विचार त्याच्या मनात होता, असे त्याचे म्हणणे. १६ नोव्हेंबर २०१७ रोजी दिल्ली-पानिपत महामार्गावर तिला अपघात झाला. उजव्या अंगाचा पुढला खांब, छत, दरवाजा व डाव्या चाकाचे सस्पेन्शन यांची मोडतोड झाली, गृहस्थाच्या डोक्यास, छातीस व दातांस इजा झाली, आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. दिल्लीच्या राज्य आयोगाने वैद्यकीय खर्च व बुडालेले उत्पन्न यांपोटी २ लाख, मनस्तापापोटी ५० हजार आणि दाव्याच्या खर्चापोटी ५० हजार रुपये देण्याचा, शिवाय मोटार बदलून देण्याचा हुकूम केला; राष्ट्रीय आयोगाने तो कायम केला; आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे तिचे म्हणणे असे, की पिशवी उघडण्यास समोरून पुरेसा जोराचा आघात लागतो, तो येथे झाला नव्हता, आणि झाला होता असे दाखवणारा तज्ज्ञाचा पुरावा फिर्यादीने आणलेला नाही.

न्यायमूर्ती विनीत सरन व न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी २० एप्रिल २०२२ रोजी हे अपील फेटाळले. त्यांच्या निकालाचा गाभा सामान्य माणसाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एअरबॅग असलेली मोटार घेणारा ग्राहक असे समजून चालतो की पुढल्या भागावर आघात झाला तर ती उघडेल. वेग आणि बल यांचे गणित मांडून आघाताचे मोजमाप करणारा पदार्थविज्ञानाचा पंडित तो नसतो व तसा असावा अशी अपेक्षाही करता येत नाही. ज्या घटनेचे स्वरूपच दोष बोलून दाखवते, तेथे तज्ज्ञाच्या साक्षीवाचून आयोगास निर्णय देता येतो. आणि सामान्य समंजस ग्राहकाच्या अपेक्षेस उतरणारी एअरबॅग न देणाऱ्यावर, इतरांस जरब बसेल अशी दंडात्मक भरपाई लादणे योग्य ठरते, इतक्या दूरवर न्यायालय गेले. मला या निकालात मोटारीच्या किमतीपेक्षा पुराव्याचे ओझे कोणी वाहावे याविषयीची ही भूमिका मोलाची वाटते. खेड्यातल्या माणसाला मोटारविद्येचा तज्ज्ञ उभा करणे परवडत नाही आणि कंपनीच्या पदरी असे तज्ज्ञ नोकरीसच असतात, ही विषमता न्यायालयाने ओळखली. मात्र या खटल्यात आघाताच्या खुणा मोटारीच्या पुढल्या अंगावर स्पष्ट होत्या, हे विसरू नये. ज्याच्या मोटारीवर तशा खुणा नाहीत, त्याने या निकालावर विसंबून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

कारखानदाराने ज्याच्याशी करारच केला नाही अशा माणसास तो जबाबदार कसा, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात १९१६ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांच्यापुढे तो ब्युइक मोटारीच्या मोडलेल्या लाकडी चाकावरून आला. मोटार विकली होती एका दुकानदाराने, चाक बनवले होते तिसऱ्यानेच, आणि कंपनीचे म्हणणे होते की ग्राहकाशी आमचा संबंध नाही. कार्डोझो यांनी ते नाकारले. सदोष झाल्यास जीवावर बेतेल अशी वस्तू जो तयार करतो, त्याचे कर्तव्य ती वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते, हे तत्त्व तेथपासून रूढ झाले. आपल्या संसदेस ते तत्त्व कायद्याच्या कलमांत आणण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

२० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ या कायद्यात ८२ ते ८७ ही कलमे 'उत्पादन दायित्व' या विषयासाठी राखलेली आहेत. कलम ८४ प्रमाणे वस्तूच्या घडणीत दोष असेल, तिच्या आराखड्यातच दोष असेल, ती ठरलेल्या प्रमाणाबाहेर बनली असेल, दिलेल्या हमीस उतरत नसेल, किंवा योग्य वापराच्या सूचना व धोक्याचा इशारा पुरेसा दिलेला नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. हमी देताना आपण हयगय केली नव्हती वा लबाडी केली नव्हती, एवढे सिद्ध करून त्याची सुटका होत नाही. शोरूमवाला, म्हणजे विक्रेता, याची जबाबदारी मर्यादित आहे: त्याने वस्तूत फेरफार केला, स्वतंत्र हमी दिली, तपासणीत वा जोडणीत हयगय केली, किंवा उत्पादकाचा इशारा ग्राहकापर्यंत पोहोचवला नाही, तर तो अडकतो. तेव्हा फिर्यादीत दोघांनाही सामनेवाला करावे, हे व्यवहाराचे शहाणपण.

या कायद्यातील दोन व्याख्या गंगाखेडच्या वाचकास विशेष उपयोगाच्या आहेत. पहिली 'ग्राहक' या संज्ञेची. मोटार विकत घेणारा तर ग्राहक आहेच; परंतु त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक होय. म्हणून मामाच्या मोटारीतून लग्नाला निघालेला भाचा जखमी झाला, तर मोटार माझ्या नावावर नव्हती या सबबीवर त्याने गप्प बसण्याचे कारण नाही. आणि ग्राहक दगावला असल्यास त्याच्या वारसांस फिर्याद करता येते. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली वस्तू या कायद्याबाहेर राहते हे खरे, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः टॅक्सी चालवणारा या अपवादातून वगळलेला आहे, म्हणजे तो ग्राहकच ठरतो. कंपनीच्या नावावर असलेली मोटारही प्रत्येक वेळी व्यापारी ठरत नाही. मुंबईच्या एका प्रख्यात विद्युत्-उपकरण कंपनीने आपल्या संचालकासाठी घेतलेल्या मर्सिडीज मोटारीस जानेवारी २००६ मध्ये अपघात होऊन एअरबॅग उघडल्या नाहीत. तो वाद जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला, आणि संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मोटार व्यापारी प्रयोजनाची नव्हे, असे ठरून ग्राहकाची भरपाई कायम झाली. एअरबॅग कोणत्या परिस्थितीत उघडणार नाहीत हे मालकाच्या पुस्तिकेत पुरते उघड केलेले नव्हते, हा त्या प्रकरणातील एक निर्णायक मुद्दा होता. अठरा वर्षांचा तो कालावधी पाहून मात्र कोणाचीही छाती दडपावी.

दुसरी व्याख्या 'हानी' या संज्ञेची. तीत शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्यासोबतचा मनस्ताप, आणि अन्य मालमत्तेचे नुकसान येते. पण खुद्द सदोष वस्तूचे नुकसान येत नाही. म्हणजे मोडलेल्या बरगड्यांची भरपाई उत्पादन दायित्वाखाली मागावयाची, आणि मोटार बदलून देण्याची मागणी 'सदोष माल' या जुन्या व रुळलेल्या वाटेने करावयाची. एकाच अर्जात दोन्ही मागण्या घालता येतात. न घातलेली मागणी मात्र आयोग आपण होऊन देईल याचा भरवसा धरू नये.

आता मोटारीकडे वळतो, कारण खरी रुजवात तिच्याच अंगावर आहे. अपघातग्रस्त वाहन पोलीस जप्त करून ठाण्याच्या आवारात उभे करतात, आणि न्यायालयाच्या आदेशाने मालक ते सुपूर्दनाम्यावर सोडवून घेतो. पंचनाम्यात 'दोन्ही एअरबॅग उघडलेल्या नाहीत' हे एक वाक्य असणे आणि नसणे यांत पुढे लाखो रुपयांचे अंतर पडते. म्हणून जखमींच्या नातलगांपैकी जो शुद्धीवर व सावध असेल त्याने ते वाक्य पंचांच्या समक्ष लिहवून घ्यावे, आणि पंचनाम्याची नक्कल मिळवावी. सुकाणूचे, डॅशबोर्डचे, चेपलेल्या पुढल्या अंगाचे, ट्रॉलीच्या सांगाड्याच्या उंचीचे फोटो जागेवरच काढावेत. सीट बेल्टकडे नीट पाहावे. आघाताच्या क्षणी बेल्ट ओढून धरणारी यंत्रणा ज्या गाड्यांत असते, त्यांत ती एकदा सुटली की पट्टा बहुधा बाहेर अडकून राहतो, आणि पट्टा अंगावर होता की खांबाला टेकून होता हे तज्ज्ञास त्यावरून सांगता येते. रुग्णालयात तर याहूनही बोलका पुरावा असतो: उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणारा निळसर वळ. तो काही दिवसांत मावळतो. डॉक्टरांनी त्याची नोंद इजा-प्रमाणपत्रात केली, तर 'चालकाने पट्टा लावला नव्हता' हा कंपनीचा हुकमी बचाव तेथेच लंगडा पडतो.

नियंत्रक पेटीचे महत्त्व पुष्कळांस ठाऊक नसते. अनेक मोटारींत ही पेटी अपघाताच्या आगेमागचे काही क्षण आपल्या स्मृतीत साठवते: वेग किती होता, घट किती झाली, बेल्टचे कुलूप लागले होते की नाही, संकेत दिला गेला की नाही. ही स्मृती वाचण्याचे उपकरण कंपनीजवळ असते. टोचन करून गाडी शोरूमच्या आवारात नेली आणि तेथल्या मेस्त्र्याने पेटी 'बदलून' टाकली, की मूळ साक्षीदार गेला. म्हणून गाडी आत जाण्यापूर्वीच स्पीड पोस्टाने शोरूमला व कंपनीला लिहावे की पेटी काढू नये, पुसू नये, आणि तिची माहिती मालकाच्या समक्ष वाचावी. असेच पत्र विमा कंपनीस द्यावे. 'टोटल लॉस' ठरल्यावर विमा कंपनी पुरी रक्कम देऊन सांगाडा आपल्या मार्फत विकते. पण सांगाडा मालकाकडेच ठेवून त्याची किंमत वजा करून उरलेली रक्कम घेण्याची तडजोडही प्रचलित आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या त्या लोखंडावर हक्क सोडून देऊन लाखोंच्या दाव्याचा पुरावा वितळवण्यास पाठवणारी माणसे सुशिक्षितांतही कमी नाहीत. कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. परंतु पाठवावयास वस्तू शिल्लक तर पाहिजे.

कंपनीच्या बचावांत बेल्टच्या खालोखाल येतो तो फेरफाराचा. कलम ८७ म्हणते की हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल, किंवा तीत बदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा दावा चालणार नाही. आमच्या भागातल्या मोटारी पाहिल्या म्हणजे हे कलम आमच्यासाठीच लिहिले की काय असा संशय येतो! पुढे जाडजूड लोखंडी बंपर-गार्ड, आसनांवर बाजूची एअरबॅग शिवून टाकणारी कव्हरे, आणि नेमक्या डाव्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली देवाची मूर्ती. बंपर-गार्ड आघाताचे वळण बदलतो व संवेदकांस चकवतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाईचे आदेश दिले होते, तरी शहराबाहेरच्या दुकानांत तो राजरोस मिळतो. मूर्तीविषयी एवढेच म्हणतो की पिशवी उघडताच ती मूर्ती बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते, आणि भक्तिभावाने तिचा वेग कमी होत नाही. जुनी मोटार घेणाऱ्याने आणखी एक पाहावे: किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर आधीच्या अपघातात उघडलेली पिशवी न बदलता कोणीतरी दिव्याची तारच तोडली असण्याचा संभव आहे. मग फिर्याद कारखान्याविरुद्ध नव्हे, विकणाऱ्या दलालाविरुद्ध करावी लागेल.

इशाऱ्याचा प्रश्न वेगळा व अधिक करुण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढल्या आसनावर बसलेले सहा वर्षांचे मूल, मोटारीस धक्का बसून एअरबॅग उघडल्याने दगावले. तेथे पिशवीने तिचे नेमलेले काम केले होते; ते काम प्रौढाच्या उंचीसाठी नेमलेले होते, इतकेच. मुलांना पुढे बसवू नये हा इशारा पुस्तिकेत व सावलीच्या पट्टीवर छापलेला असतो, पण तो ग्राहकास समजणाऱ्या भाषेत आहे काय, हा प्रश्न कोणीतरी आयोगापुढे नेटाने मांडला पाहिजे असे मला वाटते. मराठी वर्तमानपत्रांत पानभर मराठी जाहिरात देऊन मोटार विकता येते, तर धोक्याच्या चार ओळी मराठीत छापणे अशक्य नाही.

बाकीचे मार्ग थोडक्यात. ट्रॉलीच्या मालकाविरुद्ध व त्याच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यास सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तो दावा आणि एअरबॅगची फिर्याद एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण ग्राहक कायदा इतर कायद्यांच्या जोडीने लागू होतो. फक्त एकाच खर्चाची भरपाई दोनदा पदरात पडत नाही. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ प्रमाणे, एका प्रकारच्या मोटारींत दोष असल्याच्या पुरेशा तक्रारी आल्यास, केंद्र सरकार त्या परत बोलावण्याचा हुकूम करू शकते. या मार्गाने जखमी माणसास पैसा मिळत नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये मारुती कंपनीने एअरबॅगच्या नियंत्रक पेटीच्या शंकेवरून १७,३६२ मोटारी स्वतःहून परत बोलावल्या, तशी घोषणा आपल्या मॉडेलची झालेली असेल, तर ती फिर्यादीस जोडण्याजोगा भक्कम दस्तऐवज होय. फौजदारी फिर्यादही देता येते. कानपूरच्या एका पित्याने मुलाच्या मृत्यूनंतर एका मोठ्या मोटार कंपनीच्या अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला तेव्हा देशभर गाजावाजा झाला, आणि मोटार कोलांटल्यामुळे पुढल्या पिशव्या उघडण्याचे कारण नव्हते, असे कंपनीने कळवले. फौजदारी मार्गाने क्षोभाला वाट मिळते, भरपाई क्वचितच मिळते.

फिर्याद कोठे करावी, याबाबत नव्या कायद्याने खेड्यापाड्यांतील माणसावर मोठाच उपकार केला आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय चेन्नईस असो वा दिल्लीस, फिर्यादी जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते. म्हणजे गंगाखेडकरास परभणी पुरे. मोटारीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तोवर जिल्हा आयोगाचाच अधिकार चालतो. शुल्क नाममात्र आहे: किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. अर्ज इ-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येतो. मुदत दोन वर्षांची. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तरीही कंपनीच्या तज्ज्ञाची उलटतपासणी करावयाची असेल तर अनुभवी वकील असावा, आणि त्याची फी आधी ठरवावी. जिंकलेल्या रकमेत वाटा घेण्याची अमेरिकेतील रीत आपल्या बार कौन्सिलच्या नियमांना मंजूर नाही.

सामनेवाल्याने नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि वाढवून मिळाल्यास आणखी पंधरा दिवसांत, कैफियत द्यावयाची असते. तपासणी लागत असल्यास पाच महिन्यांत निकाल व्हावा अशी कायद्याची इच्छा आहे. दिल्लीच्या गृहस्थास मात्र अपघातापासून अंतिम निकालापर्यंत साडेचार वर्षे लागली. जिल्हा आयोगाच्या हुकमावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते, आणि मराठवाड्यातील अपिलांसाठी त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. हरलेल्या कंपनीस अपील करावयाचे तर हुकमातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. कंपन्या तडजोडीस तयार होतात त्या बहुधा याच टप्प्यावर. त्या वेळी पुढे येणाऱ्या छापील पावतीवर 'संपूर्ण व अंतिम' असे शब्द असतात. पुढे आणखी एखादी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर तिच्या खर्चाची वेगळी तजवीज लेखी झाल्यावाचून त्या पावतीवर सही करू नये.